आधी गोल की आधी कुलूप?

बिबवेवाडी आणि बालेवाडी यांच्यामध्ये अख्खं पुणं आडवं पसरलेलं आहे. एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचा सामना बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात असला, की बिबवेवाडीच्या चाहत्याला अर्धा दिवस रजा टाकून, स्वारगेटला बस बदलून, विद्यापीठाच्या चौकात धीर न सोडता पुढे जावं लागे. शिट्टी वाजेपर्यंत त्याचा स्वतःचा एक सामना खेळून झालेला असे. म्हणून बरेच जण मैदानावर जाण्याऐवजी संघाचे डावपेच आखून देण्याची जबाबदारी घेत. त्याला तिकीट लागत नाही, चहा लागतो.

२८ नोव्हेंबर २०१७, मंगळवार. दुसऱ्या दिवशी बालेवाडीत पुणे विरुद्ध मुंबई, म्हणजे महाराष्ट्र डर्बी. बिबवेवाडीतल्या अप्पर इंदिरानगरच्या एका अमृततुल्यात संध्याकाळपासूनच दोन तट पडले होते. आक्रमणवाल्यांचे पुढारी अण्णा. बचाववाल्यांचे मामा.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. सगळी पुंजी मुदत ठेवीत. स्कूटर गेटपासून पार्किंगमध्ये न्यायची असली तरी हेल्मेट घालणार. आणि हे गृहस्थ सांगत होते की दोन्ही साइड-बॅक पुढे पाठवा, मागे काय व्हायचं ते होऊ दे! मामांचा टेम्पो मार्केट यार्डात. केके मार्केटच्या चौकात ते डावीकडून घुसतात, उजवीकडून निघतात आणि वर समोरच्यालाच विचारतात, "दिसत न्हाय व्हय?" हे मामा टेबलावर बोट आपटून सांगत होते की पहिला अर्धा तास कुणी मध्यरेषा ओलांडायची नाही.

दोघांकडे पुरावे होते, आणि ते एकाच संघाने पुरवले होते. सर्बियन प्रशिक्षक रँको पोपोविच यांच्या पुण्याने हंगामाचा पहिला सामना घरच्या मैदानावर दिल्लीकडून ३-२ असा गमावला होता. चार दिवसांनी त्याच संघाने कोलकात्यात जाऊन एटीकेला ४-१ असं लोळवलं. अण्णांनी वहीच्या पाठीमागे बेरीज केली, दोन सामन्यांत सहा गोल. मामांनी त्याच वहीत वजाबाकी मांडली, दोन सामन्यांत चार खाल्ले.

"अहो मामा, मार्सेलिन्हो आहे, अल्फारो आहे. यांना काय दारावर पहारा द्यायला आणलंय?"

"आणि २०१४ इसरलासा काय अण्णा? पाच!"

त्या आकड्यावर गल्ल्यावरचा पोरगासुद्धा क्षणभर थांबला. पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईने पुण्याला नवी मुंबईत ५-० असं धुतलं होतं. आंद्रे मोरित्झ याने तीन गोल केले; ती स्पर्धेच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. पुण्याच्या संघात तेव्हा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे होता. विश्वविजेता आघाडीला असला म्हणून मागची खिंड आपोआप लढत नाही, हा मामांचा मुद्दा.

अण्णांनी २०१६ काढलं. तेव्हा पुण्याचे प्रशिक्षक होते अँतोनियो हबास, शिस्तबद्ध बचावासाठी नावाजलेले आणि कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलेले. मुंबईविरुद्ध बालेवाडीत काय झालं? ०-१. "कुलूप लावलं, किल्लीही आतच राहिली," अण्णा म्हणाले.

एवढ्यात व्हीआयटीतल्या एका विद्यार्थ्याने बंगालची साक्ष काढली. १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची उपांत्य फेरी. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या आक्रमक 'डायमंड' रचनेचा डंका वाजत होता. सामन्याआधी दत्तांनी जीभ सैल सोडून प्रतिस्पर्ध्यांची टिंगलही केली. बायचुंगला 'चुंगचुंग' म्हटलं, ओमोलोला 'ऑम्लेट'. ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी यांनी आपल्या खेळाडूंना पेटवायला हे आयतंच सरपण वापरलं. एक लाख एकतीस हजारांवर प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगाल ४-१ असं जिंकलं आणि 'चुंगचुंग'ने हॅटट्रिक केली.

"बगा!" मामा उभेच राहिले. "लई पुढं पळालं की असं हुतंय."

"पण चार गोल काय गोलजाळीत बसून केले का ईस्ट बंगालने?" अण्णांनी विचारलं.

विद्यार्थ्याने साक्ष देऊन झाल्यावर दोन्ही पक्षांकडून एकेक बिस्कीट वसूल केलं.

मामांच्या सावधपणाचं मूळ मात्र बंगालात नव्हतं, कोल्हापुरात होतं. तिथले फुटबॉल संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं शाहू स्टेडियमवर नुसती उच्चारली तरी शिट्ट्या पडतात. तिथे हरलेला चाहता सामन्यानंतर दुसऱ्या शहरात जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून, त्याच विजेत्यांच्या कट्ट्यासमोरून त्याला दूध आणायला जावं लागतं. पुढचा सामना येईपर्यंत. मामांचं लहानपण अशा वाटा बदलण्यात गेलं. रस्त्यावर धडक बसली तर पत्रा ठोकून घेता येतो, पण डर्बीत खाल्लेला गोल गल्ली विसरत नाही. अण्णांचं तसं नव्हतं. पुणे हरलं तरी त्यांच्या सोसायटीत कुणाला कळणारही नव्हतं. मग उधळायला काय हरकत?

बुधवारी मुंबईने पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच गोल केला, बलवंत सिंगने. मामांनी अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली. उत्तरार्धात उरुग्वेच्या एमिलियानो अल्फारोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि अगदी शेवटी दुसरा गोल मारला. पुणे २, मुंबई १. अण्णांच्या मते आक्रमण जिंकलं. मामांच्या मते पहिला गोल खाल्ला नसता तर एवढी धावपळच करावी लागली नसती. त्या मोसमात पुण्याने प्रथमच उपांत्य फेरी गाठली.

२०१९ मध्ये क्लबच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. वाद बेघर झाला, पण संपला नाही. १३ मार्च २०२१, फातोर्ड्यातला अंतिम सामना. एका बाजूला सर्जिओ लोबेरा यांची चढाईखोर मुंबई, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान आणि प्रशिक्षक तेच, हबास! तत्त्वासाठी अण्णांना चक्क मुंबईच्या बाजूने बसावं लागलं. करोनामुळे चहा आपापल्या घरी, भांडण फोनवर. विल्यम्सच्या गोलाने मोहन बागान पुढे गेलं, मग त्यांचाच बचावपटू तिरी याच्याकडून स्वयंगोल झाला आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईला २-१ असं विजेतेपद मिळवून दिलं.

"शेवटी आक्रमणच!" अण्णा म्हणाले.

"थांबा की. त्यो तिरीचा गोल आक्रमणात धरायचा का बचावात?"

अण्णा बँकेतले. नोंद कोणत्या खात्यात टाकायची हा प्रश्न त्यांना अर्धवट सोडवत नाही. त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.