प्रश्न सोडून बाकी सगळं ठरलंय

एम.टेक. कॉम्प्युटरला प्रवेश पक्का झाला की घरात पेढे येतात आणि चिरंजीव (किंवा कन्यारत्न) एक्सेल उघडतात. त्या शीटमध्ये पुढच्या दोन वर्षांचा चोख हिशेब असतो. पहिल्या सेमिस्टरला कोणते विषय, दुसऱ्याला कोणते, उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठं, लीटकोडचे किती प्रश्न कधी उडवायचे, पेपर कुठल्या महिन्यात ‘पाडायचा’, लिंक्डइनवर काय टाकायचं. रकान्यांना रंगही दिलेले असतात. प्लेसमेंटचा हिरवागार. एका रकान्यात मात्र ‘नंतर बघू’ एवढंच लिहिलेलं असतं. तो रकाना संशोधनाच्या प्रश्नाचा. हॉल बुक झाला, केटररला विसार दिला, बँडवाला ठरला, आता नवरा-नवरी तेवढे ठरायचेत!

विषय निवडायची आपली पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे : सीनिअरला विचारायचं. सीनिअर तीन शब्दांत अख्खा विभाग सांगतो. ‘स्कोअरिंग’, ‘चिल’ आणि ‘नको रे’. ‘नको रे’ या गटात संभाव्यताशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा, अ‍ॅडव्हान्स्ड अल्गोरिदम्स आणि असाइनमेंट खरोखर वाचणारे सगळे प्राध्यापक येतात. दीड वर्षानं मॉडेल का गंडलं हे समजायला नेमके हेच विषय लागतात. पण तोवर मदतीला चॅटबॉट असतो. तो अदबीनं म्हणतो, लर्निंग रेट कमी करून पाहा. आपण पाहतो. तो म्हणतो, आता वाढवून पाहा.

वरून मार्गदर्शनाचीही कमतरता नाही. एआयसीटीईनं २०१८ साली पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी आदर्श अभ्यासक्रम काढला. त्यात ‘रिसर्च मेथडॉलॉजी अँड आयपीआर’ हा विषय सुरुवातीलाच आणि सक्तीचा. हेतू उत्तम. फक्त ज्या सेमिस्टरला संशोधन कसं करावं हे शिकवतात, त्या सेमिस्टरला कुणाकडंच संशोधन करण्याजोगं काही नसतं. मग ‘गृहीतक म्हणजे काय? प्रकार सांगा’ असा प्रश्न पडतो तो परीक्षेत, डोक्यात नव्हे. त्याच अभ्यासक्रमात ऑडिट विषयांची एक यादी आहे. त्यात आपत्ती व्यवस्थापन आहे आणि योगाच्या साहाय्यानं ताणाचं व्यवस्थापनही आहे. समितीला पुढचं सगळं दिसत होतं म्हणायचं.

आता कॅलेंडर बघा. आयआयटीत नोकऱ्यांचा हंगाम १ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे तिसरं सेमिस्टर संपताना, बरोबर प्रबंधाच्या पहिल्या टप्प्याच्या सादरीकरणाच्या तोंडावर. त्यामुळं भारतीय एम.टेक. संशोधनाचे दोन कालखंड पडतात : डिसेंबरपूर्व आणि डिसेंबरोत्तर. डिसेंबरपूर्व काळात मुलाखतीची तयारी चालू असल्यानं संशोधनाला वेळ नसतो. डिसेंबरोत्तर काळात हातात ऑफर असल्यानं संशोधनाचं कारण नसतं. ज्यांना ऑफर नाही, त्यांचा डिसेंबर जूनपर्यंत चालतो.

मुलांनाच झोडपून उपयोग नाही. ‘गेट’ पार करून आलेल्याला महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. मुंबई-पुण्यात तेवढ्यात खोली मिळते किंवा जेवण मिळतं. दोन्हीची हौस असेल तर घरी फोन करावा लागतो. अशा माणसाला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ सांगणाऱ्यानं आधी त्याच्या मेसचं बिल भरावं.

तर मग टॉपिक. हा संवाद राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात, कुठल्याही वर्षी ऐकायला मिळतो.

‘सर, टॉपिक?’

‘कशात करायचंय?’

‘एआय-एमएलमध्ये.’

‘ते सगळेच करतात. नेमकं काय?’

‘डीप लर्निंग.’

‘बरं. बेस पेपर घेऊन या.’

बेस पेपर म्हणजे दुसऱ्यानं आधीच सोडवलेलं कोडं. त्यात आपण एक थर वाढवायचा, शीर्षकाच्या शेवटी ‘युजिंग डीप लर्निंग’ लावायचं आणि सिनॉप्सिस टाकायचा. गाइडवर रागवायचीही सोय नाही. त्यांच्या एका हातात नॅकच्या मूल्यांकनाची फाइल, दुसऱ्या हातात एनबीएची, आणि प्रवेशाच्या दिवसांत कानाला पालकांचा फोन. संशोधन करायला तिसरा हात कुठून आणणार?

या कारखान्यातून निघणारा सर्वांत लोकप्रिय माल म्हणजे टोमॅटोचं पान. ‘पानाच्या फोटोवरून रोग ओळखणे.’ महाराष्ट्र शेतीप्रधान असल्यानं एक्स्टर्नल परीक्षकही खूश होतात. डेटा तयार मिळतो. ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा संच आहे, ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं. उतरवून घ्यायचा, मॉडेल चालवायचं, नव्याण्णव टक्के अचूकता, टाळ्या. हा पराक्रम २०१६ सालीच मोहंती, ह्यूज आणि सलाते या तिघांनी करून ठेवलाय : ९९.३५ टक्के. त्याच शोधनिबंधात त्यांनी आणखी एक आकडा प्रामाणिकपणे दिला होता. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर हेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. पहिला आकडा आपल्याकडच्या प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये सापडतो. दुसरा मात्र झेरॉक्स काढताना दर वेळी पुसट येत असावा.

घसरलं का? कारण त्या संचातली पानं खुडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकेकटी टिपलेली आहेत. २०२२ साली एका संशोधकानं गंमत केली. फोटोतलं पान बाजूलाच ठेवलं आणि पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल मॉडेलला दिले. तरी मॉडेलनं ४९ टक्के वेळा रोग बरोबर सांगितला! म्हणजे यंत्र पान बघत नव्हतं, मागचा कागद बघत होतं. आपली मुलंही पान बघत नाहीत, बेस पेपर बघतात. शिष्य गुरूच्या वळणावर गेला, एवढंच.

पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. टोमॅटोचा प्रसिद्ध बाजार. तिथल्या शेतात पानावर धूळ असते, औषधाचे डाग असतात, एका पानाआड दुसरं असतं, उन्हाची तिरीप असते आणि फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलची काच तडकलेली असते. त्या पानावर नव्याण्णवाचे किती उरतात, हा प्रश्न आहे. अस्सल, न सुटलेला, एसटीनं गाठता येईल असा. शिवाय प्लांटव्हिलेजच्या त्या १४ पिकांत ब्लूबेरी आहे, रासबेरी आहे. कांदा नाही, ऊस नाही, डाळिंब नाही. महाराष्ट्रातल्या ब्लूबेरी उत्पादकांना संगणकशास्त्राचा केवढा आधार वाटत असेल!

आणि गंमत अशी की हा प्रश्न हातात आला की ते रंगीत एक्सेल आपोआप भरतं. शंभर शेतांतून नमुना कसा घ्यायचा? संख्याशास्त्र घ्या. शंभरातली नव्वद पानं निरोगी असतील तर ‘सगळं ठीक’ म्हणणारं मठ्ठ मॉडेलही नव्वद टक्के अचूक ठरतं, मग मोजायचं काय? मशीन लर्निंगचा तो गृहपाठवाला कोर्स घ्या. उजेड बदलला की मॉडेल का बावचळतं? कॉम्प्युटर व्हिजन घ्या. करपा आणि खताची कमतरता यांत फरक काय? त्यासाठी कुठलाच ऑनलाइन कोर्स नको, राहुरीला कृषी विद्यापीठात जाऊन रोगशास्त्राच्या माणसाला चहा पाजा. ‘स्कोअरिंग’ की ‘चिल’ हा प्रश्नच उरत नाही. विषय प्रश्नाच्या मागून निमूट चालत येतात. आपण त्यांना पुढं काढतो आणि मग वाट चुकली म्हणून रडतो.

क्लॉड शॅनन नावाच्या एका पोरानं १९३७ साली एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिला. वय २१. स्विच आणि रिले यांच्या जोडण्या बूलच्या बीजगणितानं मांडता येतात, हे त्यात दाखवलं. आजच्या डिजिटल सर्किटांचा पाया तोच. हे सुचलं कसं? आधी मिशिगनला शिकताना तत्त्वज्ञान विभागाच्या तर्कशास्त्राच्या वर्गात त्याची बूलशी गाठ पडली होती. आपल्या सीनिअरनं ‘काही स्कोप नाही रे’ म्हणून सांगितलं असतं, तसला विषय. मग नोटीस बोर्डावरची एक चिठ्ठी वाचून तो व्हॅन्निव्हर बुश यांच्या भल्यामोठ्या गणनयंत्राजवळ काम करायला एमआयटीत आला. त्या यंत्राच्या नियंत्रणात रिलेचं जंजाळ होतं. वर्गातलं बीजगणित आणि कामावरचं जंजाळ एकाच डोक्यात भेटलं. आपल्याकडं अशी भेट होऊ नये याची काटेकोर व्यवस्था आहे. कोर्स पहिल्या वर्षी, प्रबंध दुसऱ्या वर्षी, मध्ये उन्हाळ्याची इंटर्नशिप. तिथून परतेपर्यंत कोर्स साफ विसरला गेलेला असतो.

पण थांबा, पेपर राहिला. काही ठिकाणी पेपर छापून आल्याशिवाय सबमिशन नाही. मग ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणाऱ्या नावांची दुकानं धावून येतात. पैसे भरा, चार दिवसांत ‘समीक्षा’, पाचव्या दिवशी सर्टिफिकेट. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीची झडती घेतली. विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिकं तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. परदेशातही आनंदच आहे. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ साली निरर्थक शोधनिबंध लिहिणारा प्रोग्राम बनवला आणि त्यानं लिहिलेला निबंध एका परिषदेनं स्वीकारलाही. आपल्याकडं असला प्रोग्राम लागत नाही, सबमिशनची तारीख पुरते.

चोरीबाबतही नियम आहेत. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. कायद्यानं ही चुकून होणाऱ्या साम्याची मर्यादा म्हणून ठेवली. विद्यार्थ्यांनी ती हक्काचा कोटा म्हणून वाचली. ‘माझं सात टक्केच आलंय, अजून तीन बाकी आहेत,’ हे वाक्य लॅबमध्ये बचतीच्या सुरात बोललं जातं.

यापेक्षा अमेरिकेला गेलेली आपली मुलं बरी. तिथं अनेक विद्यापीठांत थेसिस करा किंवा नुसते कोर्स करा, दोन्ही वाटा उघड्या. जॉर्जिया टेकची २०१४ साली सुरू झालेली ऑनलाइन मास्टर्स घ्या : दहा कोर्स, प्रबंधाची सक्ती नाही, कुणाला कमीपणाही नाही. नोकरीसाठी आलोय, दहा विषय पक्के करून जातो, असं तिथं तोंडावर म्हणता येतं. आपल्याकडं प्रत्येकानं संशोधन केलंच पाहिजे. परिणामी करत फारसं कुणी नाही, सादर मात्र सगळे करतात.

सादरीकरणाचं वजन मात्र दांडगं. काळं कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, शंभर पानं, त्यातली तीस ‘लिटरेचर सर्व्हे’ची, सात यूएमएल आकृत्यांची आणि दोन आई-वडिलांच्या आभाराची. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी २००२ साली एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीनं ओळखायची रीत शोधली. गणितज्ञांना कित्येक पिढ्या हुलकावणी देणारा प्रश्न. विद्यार्थी दोघंही त्याच वर्षी बी.टेक. झालेले. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये तो निबंध छापला गेला तो १३ पानांचा. आपल्या एक्स्टर्नलनं तो हातात घेऊन तोलला असता आणि विचारलं असतं, ‘डेटा फ्लो डायग्रॅम कुठाय?’

तेव्हा नव्या मंडळींना एकच सल्ला, तोही फुकट. नोकरीसाठी आला असाल तर तसं स्वतःशी कबूल करा, अवघड विषय घ्या आणि प्रबंधात कुणाचं तरी जुनं काम नीट, जसंच्या तसं पुन्हा करून दाखवा. आकडा जुळला नाही तर तेच संशोधन. संशोधनासाठी आला असाल तर ते एक्सेल बंद करा आणि पहिल्या महिन्यातच एक प्रश्न एका ओळीत लिहा. त्या ओळीत ‘युजिंग’ आलं तर खोडा आणि पुन्हा लिहा. प्रश्न आधी, गाइड त्याला शोभेल असा, विषय त्या दोघांच्या मागून.

आणि प्रश्न सुचतच नसेल तर ग्रंथालयातली ती काळ्या बाइंडिंगची जुनी ब्लॅकबुकं काढा, शेवटचं पान उघडा. तिथं ‘फ्युचर स्कोप’ असतो. ‘भविष्यात ही प्रणाली प्रत्यक्ष शेतातील छायाचित्रांवर तपासता येईल.’ २०१८च्या बॅचनं लिहिलंय, २०१९च्या बॅचनं लिहिलंय, त्यानंतर दर वर्षी लिहिलंय, स्वल्पविरामासकट. प्रश्न तयार आहे, कुणीही हात लावलेला नाही. फक्त ते वाक्य पुन्हा उतरवून घेऊ नका. तुमच्या कोट्यातले दहा टक्के तेवढ्यातच संपतील.