पिवळ्या पिशवीतलं बिस्कीट

गोव्यातल्या नार्व्याहून बांबोळीच्या इस्पितळात नेलेल्या रुग्णासोबत बिस्किटाचा पुडाही जातो. पुडा संपला की वेष्टन हाताला लागेल त्या डब्यात पडतं. डबा पिवळा निघाला, तर वेष्टनाला बढती मिळून ते जैववैद्यकीय कचरा होतं. मग बारकोड, कुंडईच्या कचरा प्रक्रिया केंद्राची सफर आणि भट्टीत अंत्यसंस्कार. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंग वाटून दिलेत: पिवळ्यात रक्ताळलेली पट्टी, लालमध्ये सलाईनची नळी, पांढऱ्यात सुई, निळ्यात काच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने इस्पितळातला सुमारे 85 टक्के कचरा घरच्यासारखाच निरुपद्रवी असतो. पण उरलेल्या 15 टक्क्यांशी सोयरीक जुळली की सगळं घराणंच बाटतं. ‘रुग्ण महत्त्वाचा की पर्यावरण?’ असं कोणीतरी डोळे वटारून विचारतंच. सुई एकदाच वापरावी, यात वाद नाही. पण बिस्किटाचं वेष्टन जाळून नेमका कोणता जंतू मरतो? उलट पीव्हीसीची नळी चुकून भट्टीत गेली, तर डायॉक्सिनसारखं विष तयार होऊ शकतं, आणि ते आपल्याच हवेत मिसळतं. माणसं कमी पडतात, हा दुसरा आक्षेप मात्र खरा. कचरा वेगळा करायला माणूस मिळत नाही. पण 5 जूनला, पर्यावरणदिनी, एक रोप लावायला अख्खा स्टाफ मिळतो, फोटोग्राफरसकट.