सर्वानुमते स्वतंत्र

एखाद्या स्थानिक संस्थेने वरच्या पातळीवरील मोठ्या संस्थेची नियमावली मान्य करावी, तिला दरवर्षी वर्गणीचा ठरावीक हिस्सा पोचता करावा आणि त्या बदल्यात तिचे नाव व शिक्का वापरण्याचा अधिकार मिळवावा, या व्यवहाराला संलग्नता असे म्हणतात. पालक-शिक्षक संघांच्या बाबतीत या व्यवहाराचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. ॲलिस बर्नी व फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली, तिचेच पुढे राष्ट्रीय पालक-शिक्षक संघात रूपांतर झाले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याची सभासदसंख्या सुमारे १ कोटी २० लाखांवर गेली. त्यानंतर ओहोटी लागली. वर्गणीतला एक वाटा राज्य संघाला आणि एक राष्ट्रीय संघाला पाठवायचा, तर मग शाळेच्या पदरात काय पडते, असा प्रश्न ठिकठिकाणच्या पालकांना पडू लागला. अनेकांनी ठराव करून नाते तोडले, स्वतःचे घटनापत्र लिहिले, नवे बँक खाते उघडले आणि ते स्वतंत्र झाले. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. त्यात नाणे टाकणाऱ्या सातवाहनकालीन व्यापाऱ्याला निदान घाट तरी वापरायला मिळत असे. रांजण दरवर्षी भरतो आणि घाट मात्र दिसत नाही, अशी अमेरिकी पालकाची तक्रार थोडक्यात सांगता येईल.

हे स्वातंत्र्य जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत आणावे म्हटले, तर पहिलीच अडचण तात्त्विक स्वरूपाची येते: स्वतंत्र होण्यासाठी आधी कोणाच्या तरी ताब्यात असावे लागते, आणि गावोगावच्या शाळांकडून वर्गणी गोळा करणारा राष्ट्रीय पालक संघ नारायणगावच्या किंवा मंचरच्या पालकाच्या दारी कधी आलेला नाही. येथील पालकांचे संघटन पालकांनी बांधलेले नसून संसदेने व विधिमंडळाने बांधून दिलेले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, तिने शाळेच्या कामावर व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवावी, शाळेचा विकास आराखडा तयार करावा, आणि कलम २२ प्रमाणे त्याच आराखड्याच्या आधारे शासनाने पुढचा निधी द्यावा, अशी ही रचना आहे. कागदावर इतकी सत्ता हाती असलेला पालक अमेरिकेतही विरळाच.

प्रत्यक्षात या सत्तेचे दफ्तर सदस्य-सचिवाकडे असते. सदस्य-सचिव म्हणजे सभा बोलावणारा, विषयपत्रिका काढणारा आणि इतिवृत्त, म्हणजे शाळेच्या बोलीत प्रोसिडिंग, लिहून ठेवणारा पदाधिकारी. हे पद मुख्याध्यापकांकडे असते आणि अध्यक्ष पालकांतून निवडला जातो. अध्यक्ष कांदा काढणीत असतो, टोमॅटोच्या तोडणीत असतो किंवा मार्केटला गाडी घेऊन गेलेला असतो, आणि महिन्याची सभा तर महिन्यात व्हावीच लागते; त्यामुळे प्रोसिडिंगची वही सभेकडे न जाता सदस्यांकडे जाते, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्याच्या दप्तरातून घरोघर फिरते आणि सह्यांनी भरून सुखरूप परतते. या पद्धतीत मुख्याध्यापकांचा दोष धरणे अन्यायाचे होईल, कारण निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, खिचडीचा हिशेब आणि तातडीने मागवलेली माहिती यांतून उरलेल्या वेळात त्यांना शिकवायचेही असते. इतिवृत्तात मात्र प्रत्येक विषयावर साधकबाधक चर्चा झालेली असते आणि प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे. त्या परिसरात न उच्चारलेले शब्द मुखी घातले जाण्याचे नवल कोणी करू नये. फरक इतकाच की रेड्याचा आवाज सभेने ऐकला होता.

पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या डोंगरात व माळशेजच्या अंगाला आदिवासी आश्रमशाळा आहेत, ज्यांचा कारभार घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून चालतो. तेथे मूल शाळेतच राहते आणि पालक हिरडा गोळा करायला किंवा मजुरीला बाहेर असतो. पालकांच्या सभेसाठी आधी पालक गावात असावा लागतो, याचा उल्लेख कलमात नाही.

खाजगी शाळांची कथा वेगळ्या कायद्याची आहे. शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे तेथे पालक-शिक्षक संघ सक्तीचा असून शाळेतील प्रत्येक पालक त्याचा आपोआप सभासद होतो; संस्थेचा शुल्कवाढीचा प्रस्ताव या संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो आणि समितीवरचे पालक इच्छुकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. ही सोडत ज्याने कायद्यात घातली त्याचा लोकशाहीविषयीचा अनुभव दांडगा असावा. या समितीचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे असते. सरकारी शाळेत ते सचिव, खाजगी शाळेत ते अध्यक्ष, आणि पालकाला दोन्हीकडे खुर्ची मिळते, लेखणी मिळत नाही.

स्वातंत्र्याची खरी चळवळ या दोन्ही कायद्यांच्या बाहेर, व्हॉट्सॲपवर झाली. प्रत्येक इयत्तेचा एक अधिकृत गट असतो, ज्यात फक्त ॲडमिनला लिहिता येते आणि पालकांनी अंगठा दाखवायचा असतो. या गटाला अभ्यासकांनी संलग्न गट म्हणावे. दुसरा गट पालकांनी सरांना व बाईंना वगळून काढलेला असतो, त्याच्या नावात ‘ओन्ली पेरेंट्स’ हे शब्द बहुधा असतात, आणि तोच या तालुक्यांतील एकमेव स्वतंत्र पालक संघ होय. त्याला घटना नाही, वर्गणी नाही, गणसंख्येचे बंधन नाही. व्हॅनवाल्याने भाडे का वाढवले, बिबट्या कोणत्या उसात दिसला, उद्याच्या प्रकल्पासाठी थर्माकोल कोणत्या दुकानात मिळेल, या प्रश्नांचा निकाल तेथे एका तासात लागतो. फीवाढीच्या विरोधात तेथे रात्री अकराच्या सुमाराला क्रांती होते. सकाळी अधिकृत गटावर फी भरण्याची अंतिम तारीख येते आणि क्रांतिकारकांचे अंगठे एकामागोमाग उमटू लागतात. पहिला अंगठा रात्री सर्वांत तिखट लिहिणाऱ्याचा असतो, असे निरीक्षण आहे.

अंगठ्यावर न थांबलेले बाबू गेनूही आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचेच. विदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे, आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते गाव याच जलाशयाखाली गेले. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, नाव पाण्यात, तरी तालुक्याचे काही अडलेले नाही. कायद्यातील तीन चतुर्थांश पालकही असेच असतात. त्यांच्या नावाने समिती चालते आणि ते स्वतः कोठे आहेत हे विचारण्याची वेळ येत नाही.

वरून स्वातंत्र्य देण्याचा प्रयोग राज्यानेही करून पाहिला. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले, जिल्हा परिषदेच्या निवडक शाळा त्याला जोडल्या गेल्या, आणि सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळण्यात आले. शाळेचे मंडळ बदलावे की नाही यावर पालकांचे मत घ्यावे, असे ते मंडळ येताना कोणाला वाटले नाही आणि जातानाही वाटले नाही. याउलट शेजारच्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेसाठी आधी जमीन दिली, आणि मग शाळा नावारूपाला आली. तेथे लेखणी कोणाकडे होती हा प्रश्न गौण ठरला, कारण जागाच गावाने दिलेली होती.

शाळेतील समित्या इतक्या झाल्या होत्या की २०२५ मध्ये शासनाने त्यांचे एकत्रीकरण केले. शाळा व्यवस्थापन समिती अर्थातच उरली. तेव्हा दोन्ही तालुक्यांतील पालकांना विनंती अशी की अमेरिकेच्या धर्तीवर स्वातंत्र्याचा ठराव घाईने करू नये, कारण तोही सर्वानुमते मंजूर झाल्याचे त्यांना वही घरी आल्यावरच कळेल. वही आली की सही करण्यापूर्वी वरची जागा कोरी तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.