जाळीखालची पिल्लं

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, धाराशिवला ध्वजारोहण होतं, पालकमंत्री येतात, पोलीस मानवंदना देतात. कडक इस्त्री, चकचकीत बूट, सगळ्यांचा एकच ठोका. 1948 साली नळदुर्गच्या किल्ल्यावर निजामाचाही पहारा होता. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या पहिल्याच दिवशी, 13 सप्टेंबरला, किल्ला भारतीय फौजेकडे आला.

हैदराबाद शरण आल्यावर सहाच दिवसांनी दिल्लीत कारखाने कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याचं कलम 21 म्हणायचं, यंत्राच्या फिरत्या भागाला आवरण हवंच. गोठा म्हणजे कारखाना नव्हे, हे कडबाकुट्टीला मात्र कुणी सांगितलेलं नाही. तिची पाती फिरायची तशीच फिरतात. पट्ट्यावरची जाळी पहिल्याच आठवड्यात उतरते. का, तर ओला चारा गुंततो! मग पेंडी रेटणाऱ्या हाताला पहारा एकच, चुलीपुढून येणारी हाक: "आवं, बोटं सांभाळा!" तीही मोटारीच्या घरघरीत ऐकू येईल तेव्हा खरी.

जाळी वाया गेली म्हणता? छे. अंगणात तिच्याखाली कोंबडीची पिल्लं झाकलीत, वर दगड ठेवून. मांजर चार फेऱ्या मारून निघून जातं. आजवर एकही पिल्लू गेलेलं नाही. बोटांचं विचारू नका.