आधी दाखला, मग घास

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन साम्राज्यात ज्या विद्वानांना जेवायला बोलावणे यजमानाला भूषणावह आणि इतर पाहुण्यांना तापदायक वाटे, त्यांत ‘ॲटिकवादी’ पंडिताचा, म्हणजे अथेन्स व भोवतालच्या ॲटिका प्रदेशात पाचेकशे वर्षांपूर्वी लिहिली गेलेली ग्रीक तेवढीच शुद्ध मानणाऱ्याचा, मान पहिला होता. सामान्य लोक ‘कोइने’ या सामाईक ग्रीकमध्ये बाजारहाट उरकून घरी परतत, तेव्हा हा पंडित मिठाच्या जुन्या नावासाठी प्लेटोची साक्ष शोधत बसलेला असे.

या जातीचा अस्सल नमुना अथेनेउस या इजिप्तमधील नाउक्रातिसच्या लेखकाने ‘डेइप्नोसोफिस्ताइ’, म्हणजे ‘भोजनपंडित’, या 15 भागांच्या ग्रंथात उल्पिआनोस या पात्राच्या रूपाने रंगविला आहे. रानडुकराचे मांस वाढले गेले, तरी ‘सिआग्रोस’ हा त्याचा वाचक जोडशब्द जुन्या लेखकांत आढळतो की नाही, याचा निकाल लागेपर्यंत हा गृहस्थ ताटाला हात लावीत नसे, आणि म्हणूनच ‘आढळतो-की-नाही’ अशा अर्थाचे ‘केइतूकेइतोस’ हे टोपणनाव त्याला चिकटले होते. पंक्तीतील किनूल्कोस हा सिनिक, म्हणजे ‘किओन’ (कुत्रा) या शब्दावरून नाव पडलेल्या पंथाचा अनुयायी, मात्र अन्नाला व्युत्पत्तीहून अधिक पौष्टिक समजत असल्याने त्याच्यावर सतत गुरगुरत असे.

भाषाशुद्धीचा हा ताप अथेन्सपासूनच्या अंतराबरोबर वाढत असावा, कारण उल्पिआनोस फिनिशियातील टायरचा, तर शब्दांची निषिद्ध यादी करणारा फ्रिनिखोस आशिया मायनरमधील बिथिनियाचा होता. त्यावर उतारा सुचविणारा लुसियनही युफ्रेटिसकाठच्या सामोसाताचा; त्याच्या ‘लेक्सिफानेस’ या संवादात तर अशा शब्दवेड्याला वैद्याकडून औषध पाजून पोटातले सगळे दुर्मीळ शब्द ओकायला लावले जातात.

तसे औषध न लाभलेल्या फ्रिनिखोसने आभार मानण्यासाठी ‘एउखारिस्तेइन’ हे क्रियापद कोणत्याही मान्यवर लेखकाने वापरले नसल्याचे सांगून त्याऐवजी ‘खारिन एइदेनाइ’, म्हणजे उपकार जाणणे, असे म्हणण्याची आज्ञा केली. परंतु आज खुद्द अथेन्समध्ये कॉफी आणून देणाऱ्याला गिऱ्हाईक ‘एफखारिस्तो’ म्हणते, जे त्या बहिष्कृत क्रियापदाचेच रूप आहे, आणि कॉफी निवण्यापूर्वीच पिते.