मिशांचे वतन

'कॉल ऑफ ड्यूटी' या व्हिडिओ-खेळांच्या मालिकेच्या २००३ सालच्या पहिल्याच खेळात कॅप्टन प्राइस नामक ब्रिटिश अधिकारी 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर धारातीर्थी पडतो. परंतु २००७ साली, आधुनिक युद्धाच्या धामधुमीत, तेच आडनाव, तोच हुद्दा आणि त्याच भरघोस मिशा धारण करून एक गृहस्थ पुनश्च रणांगणात उतरले, तेव्हा हे नातू असावेत असा निवाडा कित्येक चाहत्यांनी, वारसाचा दाखला न मागता, परस्पर देऊन टाकला.

याच मालिकेतील 'ब्लॅक ऑप्स'चे दफ्तर याहून विस्कळीत. तेथे व्होर्कुटाच्या तुरुंगानंतर नायक मेसनला वारंवार भेटणारा त्याचा सोबती रेझनोव्ह केवळ त्याच्या भ्रमिष्ट चित्ताचा खेळ होता, असा खुलासा उत्तरार्धात होतो. आणि २०१२ च्या दुसऱ्या भागात तर मेसनचे जगणे-मरणे खेळणाऱ्याच्या नेमावरच सोपविलेले असल्याने, हयातीचा आणि मृत्यूचा असे दोन्ही दाखले एकाच कचेरीतून मागेल तसे मिळतात. (आमच्या तालुक्याच्या कचेरीत एकही मिळत नाही, ते असो.)

२०१९ साली अखेर कर्त्यांनी जुनी बखर बासनात गुंडाळून प्राइससाहेबांस नव्याने जन्मास घातले. मिशांस मात्र हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही.