किरकोळ दुरुस्त्या

(शुक्रवार, संध्याकाळ. हिंजवडीतलं एक ऑफिस. सोसायट्यांचा मेंटेनन्स गोळा करणाऱ्या अ‍ॅपचं नवं व्हर्जन सुटायच्या बेतात.)

ज्युनिअर : सर, रिलीज नोट्स लिहिल्यात. एकदा बघता?

सीनियर : एवढ्या? अगं, प्ले स्टोअरवर ५०० अक्षरं मावतात. कुठून आणलंस हे सगळं?

ज्युनिअर : गिटमधले कमिट मेसेज उचलले. जसेच्या तसे.

सीनियर : तरीच! ‘फिक्स’, ‘फायनल फिक्स’, ‘आता तरी चाल बाबा’. ही आपली घरातली भांडणं, रहिवाशाला कशाला? आणि पेमेंटचा कोड नव्याने लिहिला, तेही काढ.

ज्युनिअर : तीन महिने घासलीय त्यावर!

सीनियर : त्याला स्क्रीनवर काही वेगळं दिसतं का? नाही ना? काढ. पुढे?

ज्युनिअर : ‘वेळेवर पैसे भरणाऱ्यांनाच थकबाकीची नोटीस जात होती. आता जाणार नाही.’

सीनियर : ज्यांना नोटीस आली नव्हती, त्यांनाही सांगतेस? ‘नोटिसा आता अधिक अचूक’ एवढंच लिही.

ज्युनिअर : डोनाल्ड क्नूथनं ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधल्या स्वतःच्या चुकांची नोंद ठेवली सर. १९८९ मध्ये त्यावर लेखही छापला. वर पुस्तकातली चूक दाखवेल त्याला २.५६ डॉलरचा चेक द्यायचा!

सीनियर : त्याच्या डोक्यावर मार्केटिंग बसलं नव्हतं. आपण असे चेक वाटले, तर दिवाळीचा बोनस विसर.

ज्युनिअर : बरं, हे. ‘अ‍ॅप लॉक असतानाही नोटिफिकेशनवर बोट ठेवलं की पावत्या उघडत होत्या.’

सीनियर : हळू बोल! हे आज अजिबात नाही. आधी लोकांना अपडेट घेऊ दे. नाहीतर जुनं व्हर्जन फोडायची कृती आपणच छापून दिल्यासारखं होईल.

ज्युनिअर : मग कधी लिहायचं?

सीनियर : बहुतेकांनी अपडेट घेतलं की. तेव्हा मात्र नक्की.

ज्युनिअर : मागच्या वेळचं असंच एक होतं, ते लिहिलं?

सीनियर : पुढे.

ज्युनिअर : ‘पावत्या एक्सेलमध्ये उतरवायची सोय बंद.’ हे शेवटी टाकलंय, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं.

सीनियर : सगळ्यात वर आण! नवं काही दिलं नाही तर लोक चालवून घेतात. होतं ते न सांगता काढलं, की सेक्रेटरी फोनवरून आपला उद्धार करतात.

ज्युनिअर : पण वरची जागा मार्केटिंगनं धरलीय. निळं बटण जांभळं झालं ना, त्याच्यावर तीन ओळी. ‘एक आगळा अनुभव’.

सीनियर : (कपाळाला हात लावून) कापून एक ओळ कर.

ज्युनिअर : खरं सांगा सर, हे वाचतं तरी कोण?

सीनियर : एक जण वाचतात. निवृत्त ऑडिटर आहेत. आपण होऊन बीटा टेस्टर झालेत.

ज्युनिअर : अय्या, त्यांचाच मेल आलाय! ‘बीटासोबत आपण “किरकोळ दुरुस्त्या” एवढेच लिहिले आहे. किरकोळ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा व्हावा. तूर्त मी जुने-नवे ताडून पाहिले. नऊ बदल आढळले. यादी सोबत. कळावे.’

सीनियर : नऊ? आपले तर आठच आहेत.

ज्युनिअर : नववा असा : ‘दंडाची रक्कम पूर्वी पूर्ण रुपयांत येई, आता पैसेही दिसतात.’ थांबा, शोधते... सापडलं. काल रात्री सव्वाबाराचं कमिट आहे. मेसेजमध्ये नुसतं एक टिंब. नाव तुमचं.

सीनियर : कॅब आली का बघ गं जरा.